मीठ फुटलेल्या रानात पाच दिवस

आमच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्या कुणाला हे सांगावं लागत नाही. जमिनीखाली मीठ आहे, ते पणज्याच्या आधीपासून आहे, आणि आपण त्याच्याशी जुळवून घेऊन राहतो. म्हणून गेल्या हिवाळ्यात अकोल्याच्या एका मेळाव्यात मी जे पत्रक वाटत होते, त्याचं पहिलंच वाक्य होतं: ‘खारी जमीन हा निसर्गाचा कोप आहे.’ ते पत्रक मीच लिहिलं होतं. कोल्हापूरकडून आलेल्या एका बाईंनी ते उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचलं, नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत दिलं.

“तुमच्याकडं आसंल निसर्गाचा,” त्या म्हणाल्या. “आमच्या रानात मीठ माणसानं आणलंय. आन माणसानंच घालवलंय. बघायला ये एकदा. मग लिव.”

माझे वडील छापखान्यात खिळे जुळवणारे जुळारी होते. आमच्या घरी बाराखडीच्या पुस्तकाच्या आधी पत्रकं होती. संपाची, मोर्चाची, पाण्याची, रोजगार हमीची. पत्रक फाडलेलं मी पाहिलं होतं, त्यात भजी बांधलेली पाहिली होती. वाचून परत दिलेलं कधी पाहिलं नव्हतं. दिवाळीआधी कपाशीच्या वेचणीला अजून थोडा अवकाश होता, तेव्हा मी गाडीत बसले.

मिरज सुटलं आणि खिडकीबाहेर ऊस सुरू झाला. आपल्याकडे ऑक्टोबरात रान पिवळं-पांढरं व्हायला लागतं. इथे डोळ्यांना दुसरा रंगच मिळेना. समोरच्या बाकावर फेटा बांधलेले एक गृहस्थ गूळशेंगा खात होते. त्यांनी मूठभर माझ्या हातावर ठेवल्या आणि विचारलं, “कुठं निघालासा, पावणं?” (पावणं म्हणजे पाहुणे. इकडे अनोळखी माणसाला हीच हाक, बाई असो की बुवा.)

“हुपरीच्या पुढे.”

“पैंजण घ्यायला?”

“नाही. मीठ फुटलेली जमीन बघायला.”

त्यांनी शेंगा खाणं थांबवलं. “आवो, कोल्हापुरात बघाय काय कमी हाय? देऊळ बघा, तलाव बघा, तालमी बघा. मीठच बघायचं तर समुद्राकडं जायाचं. तुम्ही चुकीच्या गाडीत बसलासा की!”

सगळा डबा हसला. मीही हसले. पण त्यांचं गाव विचारल्यावर ते जरा गप्प झाले आणि म्हणाले, “आमच्याकडं बी हाय थोडं. वड्याच्या अंगाला.” (वडा म्हणजे ओढा.) मग मिरजेपासून कोल्हापूरपर्यंत त्यांनी मला त्यांच्या उसाची उंचीच सांगितली.

कोल्हापूरच्या स्टँडवरून हुपरीची एसटी मिळाली. माझ्या शेजारच्या बाईच्या मांडीवर ॲल्युमिनियमचा डबा होता, त्यात चांदीच्या बारीक कड्या. हुपरीत घरोघरी पैंजणांचं काम चालतं. या बाई कड्या जोडून देतात. बसच्या प्रत्येक धक्क्याला त्या डबा दोन्ही हातांनी दाबून धरत होत्या. हुपरीहून पुढे वडाप मिळालं (वडाप म्हणजे माणसं कोंबून नेणारी खाजगी जीप). आठ जणांच्या जागेत आम्ही पंधरा होतो आणि ड्रायव्हर सोळाव्याला हाक मारत होता.

गावाचं नाव मी लिहिणार नाही. “नाव लिवू नगंस,” असं मालन आक्कांनी, म्हणजे पत्रक परत देणाऱ्या त्याच बाईंनी, बजावलं आहे. “मागनं पावण्यांची रीघ लागंल. च्या करून करून म्हस आटंल माझी.”

मालन आक्का फाट्यावर उभ्या होत्या. वय पन्नाशीचं, उंची बेताची, आवाज मात्र पाटाच्या पलीकडे पोचणारा. माझी पिशवी काढून घेत त्या म्हणाल्या, “मी दोनदा येऊन गेलो. वडापवाला मेला रोज उशीर करतोय.” इकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना ‘मी आलो’, ‘मी केलो’ असंच म्हणतात. मला ते ऐकायला फार आवडलं.

घरी टेकायच्या आधीच त्यांनी मला रानाकडे नेलं. दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर गेलेला ऊस, मधून पायवाट. वारा बंद, घाम सुरू. मग वाट उतरायला लागली, ऊस संपला आणि समोर पांढरं दिसलं. माझ्या वऱ्हाडी डोळ्यांना पहिल्यांदा वाटलं, कापूस फुटलाय. जवळ गेले तर एक बोंड नाही, एक काडी नाही. पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज झाला. जमिनीवर मिठाची साय आली होती. मध्ये बाभळीचं एक खोड उभं होतं, साल गळालेलं.

“हे कुणाचं?”

“ज्याचं हाय तो पुण्यात वॉचमन हाय,” आक्का म्हणाल्या. “सा वर्सामागं माझं बी आसंच हुतं. आता फुडं बघ.”

पुढे बांध होता, बांधावर करंज आणि शेवरी. त्यापलीकडे काळं दीड एकर आणि त्यात बोटभर उंचीच्या शाळवाच्या ओळी (शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी). पेरून आठ दिवस झाले होते. ओढ्याच्या कडेला कमरेइतकं गवत सळसळत होतं. एका बांधाच्या अलीकडे मेलेली जमीन आणि पलीकडे उगवलेली. मी पत्रकांतून शंभर वेळा ‘परिवर्तन’ हा शब्द वाचला असेल. पायांनी तो ओलांडण्याची ही माझी पहिलीच वेळ.

ही जमीन आक्कांच्या सासरची, जुन्या वतनातली. त्यांच्या आजेसासऱ्यांनी धर्मांतराच्या वेळी गावकीची कामं सोडली, मेलेली ढोरं ओढणं सोडलं. हे दीड एकर मात्र राहिलं. ते गावाच्या सगळ्यात खालच्या अंगाला, ओढ्याला लागून. कुठल्या घराला कुठली जमीन द्यायची हे जुन्या लोकांनी बरोबर ठरवलेलं होतं. मग नदीवरून उपसा योजना आली, वरच्या रानांत ऊस आला, आणि उसाला पाणी म्हणजे किती? पाळी आली की सोडायचं, भरलं की भरलं. ते पाणी जमिनीत मुरलं, पोटातलं मीठ विरघळवत खाली आलं आणि आक्कांच्या रानात वर निघालं. पाणी उन्हानं उडायचं, मीठ राहायचं.

मला राहवेना. “म्हणजे पाणी प्याले वरचे आणि बुडाले खालचे! आक्का, हा अन्याय आहे. सरळसरळ अन्याय!”

“व्हय, हाय की,” त्या शांतपणे म्हणाल्या. “पर नुसतं त्याला अन्याय म्हणून गवात उगवत न्हाई.”

मग त्यांनी काय काय केलं ते सांगितलं. आधी ओढ्यापर्यंत चर खणला, खारं पाणी निघून जायला. मग दोन वर्षं पीक नाही, फक्त पॅरा गवत. हे गवत दलदल सोसतं, मीठ सोसतं. कांड्या हातानं खोचल्या, निम्म्या मेल्या, परत खोचल्या. गवतावर म्हैस जगली. मग दर पावसाळ्यात ढैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरायचा, फुलावर आला की उभाच जमिनीत गाडायचा. लोक हसले. हिरवं पीक कापून विकायचं सोडून ही बाई मातीत पुरते! शिवाय वरच्या रानांत ऊस तुटला की पाचट (उसाचा वाळलेला पाला) पेटवून द्यायची रीत. काडी लावायच्या आधी आक्का तिथे हजर. “जाळू नगासा, मला द्या.” डोक्यावरून भारे वाहून त्यांनी गावाचा कचरा आपल्या मातीत घातला.

खुरप्यानं त्यांनी मातीचं ढेकूळ काढलं आणि माझ्या तळहातावर फोडलं. आत केसांसारखी मुळं, भोकं, एक गांडूळ. “पयलं हे दगडावाणी हुतं. वल्लं झालं की साबण, वाळलं की इट. आता बघ, चिवड्यागत मोकळं हुतंय. शेतकीचा साहेब म्हनला, कर्ब वाढलाय.”

सेंद्रिय कर्ब हा शब्द आपण हवामानाच्या भाषणांत ऐकतो. आक्कांची व्याख्या मी तशीच लिहून घेतली: “झाड हवेतलं खातंय, मुळानं भुईत ठेवतंय. आपण जाळलं की परत हवेत. आपण गाडलं की भुईचं.” याहून सोपं मला कुणी सांगितलं नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला भाकरी, पोकळ्याची पालेभाजी आणि डांगर होतं (उडदाचं पीठ दह्यात कालवून वर कांदा-मिरची). मी डांगर तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा आक्का म्हणाल्या, “शाळू निघू दे. ह्या भाकरीचं पीठ इकतचं हाय. माझ्या रानातली भाकरी लगीन झाल्यापास्नं मी खाल्ली न्हाई.” हे वाक्य त्यांनी सहज म्हटलं आणि तव्यावरची भाकरी उलटली. तीस वर्षं सासरच्या जमिनीत राबून त्या जमिनीचं धान्य ज्या बाईनं एकदाही खाल्लं नव्हतं, तिचा तो पहिला शाळू होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बांधावर दिनकर आबा भेटले. आक्कांच्या रानाच्या वरचं रान त्यांचं. पांढरी विजार, पायात करकरणारी पायताणं, सहा फूट उंची. उसाच्या एकरी उताऱ्याबद्दल त्यांना साखर कारखान्याचं बक्षीस मिळालेलं, ते त्यांनी पहिल्या दोन वाक्यांत सांगितलं.

“ह्या पावण्या व्हय? वऱ्हाडातल्या? ऊस बघिटला का कधी असला?”

“नाही बघितला,” मी प्रामाणिकपणे म्हणाले.

ते खूश झाले. मग त्यांची नजर शाळवावर गेली. दुपारच्या उन्हानं पानं जराशी मलूल झाली होती. “मालन, शाळू सुकायलाय गं. पाणी दे की.”

“नगं आबा. भुईत वल हाय. दव बी पडतंय.”

“आगं, पिकाला ताण द्यायचा व्हय? लेकराला उपाशी निजवल्यागत!”

“तुमच्या लेकराला पोट सुटलंय आबा,” आक्का म्हणाल्या. आबा मोठ्यानं हसले आणि निघाले. पण जाताना त्यांनी दोनदा मागे वळून शाळवाकडे पाहिलं. त्या नजरेत कळवळा होता. तोच आम्हाला महागात पडणार होता.

तिसऱ्या दिवशी फटफटलं तेव्हा आक्का म्हशीची धार काढत होत्या. शेजारची बाई रानाकडून ओरडत आली, “मालन, तुज्या रानात पाणी भरलंया!” आक्का चरवी तशीच ठेवून धावल्या. मी त्यांच्या मागे.

दीड एकर आरशासारखं चकाकत होतं. शाळवाची टोकं तेवढी वर. आणि वरच्या बांधावर दिनकर आबा खोऱ्यावर हात टेकून उभे होते, सत्काराला उभं राहावं तसे.

“दिली बघ तुला!” ते लांबूनच म्हणाले. “माझी पाळी तुला दिली. म्हटलं, उसाला चार दिस उशीर झाला तर झाला. पयलं पीक हाय पोरीचं, सुकू देऊ व्हय?”

याचा अर्थ समजायला मला जरा वेळ लागला. या भागात पाण्याची पाळी माणूस सख्ख्या भावाला देत नाही. पाळीवरून इथे डोकी फुटतात. त्या माणसानं आपल्या तहानलेल्या उसाची पाळी सोडून, पहाटे उठून, स्वतः दार धरून (म्हणजे पाटाचं पाणी रानात वळवून) खालच्या आळीतल्या बाईच्या रानात पाणी भरलं होतं. त्याच्या लेखी जगात याहून मोठी भेट नव्हती. आणि या भेटीनं सहा वर्षांचं काम मरणार होतं. खारवट जमीन अशी भरली की खालचं पाणी वर येतं, त्याला येऊन मिळतं. मग ऊन पडलं की मीठ पुन्हा वर.

माझ्या तोंडाशी चांगली जळजळीत वाक्यं आली होती. आक्कांनी हातानंच मला थांबवलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण आवाज चढला नाही.

“आबा, दार मोडा. पाणी बंद करा. आन खोरं घेऊन खाली या. चराचं तोंड तुंबलंय.”

“आगं पर—”

“आबा, मीठ वर यील.”

आबांच्या चेहऱ्यावरचं हसू ओठांवर तसंच राहिलं, डोळ्यांतून मात्र गेलं. त्यांनी पायताणं काढून बांधावर ठेवली आणि खोरं घेऊन खाली उतरले.

चराच्या तोंडाशी पाणकणसाचं रान माजलं होतं. पावसाळ्यानंतर ते काढायचं राहून गेलेलं. पेरणीच्या गडबडीत राहिलं, असं आक्का स्वतःलाच शिव्या देत सांगत होत्या. आम्ही तिघं मांडीइतक्या चिखलात उभे राहून मुळं उपटत होतो. मी पहिल्याच जोराला आडवी झाले. माझी एक चप्पल त्या चरात गेली ती गेलीच. आबांनी मला दंडाला धरून उभं केलं आणि म्हणाले, “पावणं, तुमच्याकडं चिखल नसतोय व्हय?” त्या अवस्थेतही त्यांना ते सुचलं. शेवटचा गड्डा निघाला आणि पाणी गडगडत ओढ्याकडे सुटलं. आधी गढूळ, मग चहाच्या रंगाचं.

आता रानातलं पाणी किती लवकर खाली जातं यावर सगळं होतं. “पयलं पंधरा-पंधरा दिस डबकं हलायचं न्हाई,” आक्का म्हणाल्या आणि बांधावर बसल्या. आम्हीही बसलो. कुणी घरी गेलं नाही. दुपारी सऱ्यांचे वरंबे दिसायला लागले. मुळांनी पाडलेल्या भोकांतून, गांडुळांच्या वाटांनी, गाडलेल्या ढैंच्याच्या कुजलेल्या काड्यांमधून जमीन पाणी खाली घेत होती आणि चर ते वाहून नेत होता. कान लावला तर बारीक बुडबुड ऐकू यायची. सांजेला आक्कांनी रानात पाय ठेवला. टाचेएवढाच रुतला.

“उतरलं,” आबा म्हणाले.

“आता काय कळत न्हाई,” आक्का म्हणाल्या. “वाळल्यावर कळंल.”

माझं परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं होतं. मी ते रद्द केलं. असा निकाल न बघता कोण जाईल?

चौथा दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब दिवस. कोल्हापुरी ऊन कडक पडलं होतं. एरवी उन्हाला मी शिव्या घातल्या नसत्या. त्या दिवशी प्रत्येक झळ मला जमिनीतून मीठ ओढताना दिसत होती. आक्का रानाकडे फिरकल्या नाहीत. गोठा साफ केला, गोधडीला टाके घातले, संध्याकाळी विहारात वंदनेला गेल्या. तिथेही बायकांनी तेच विचारलं, “काय म्हंतंय रान?” आक्का म्हणाल्या, “अजून बोललं न्हाई.” सगळ्या आळीचा जीव त्या शाळवात अडकला होता. ज्या बायका सहा वर्षांपूर्वी हसल्या होत्या, त्यांच्यापैकी दोघी नंतर स्वतःच्या पड जमिनीत गवताच्या कांड्या खोचायला लागल्या होत्या, हे मला तिथे कळलं.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही रानात गेलो. आक्का पुढे. त्यांनी पहिली ओळ चालून पाहिली, दुसरी पाहिली, मग वाकून वाकून एकेक सरी. मी बांधावरच थांबले; तिथे जाण्याचा माझा हक्क नव्हता असं वाटलं. माती वर वाळली होती. काळी. पानांची टोकं जरा पिवळी पडलेली, पण शाळू ताठ उभा. फक्त वरच्या कोपऱ्यात, आबांच्या बांधाला लागून, चार-पाच सऱ्यांच्या तोंडाशी पांढरी पूड दिसत होती. तिथली रोपं बसली होती.

आक्का त्या कोपऱ्यात बराच वेळ उभ्या राहिल्या. मग परत आल्या. डोळे भरलेले होते आणि आवाज नेहमीसारखा दणदणीत.

“पिऊन टाकलं की गं रानानं! सगळं पाणी पिऊन टाकलं! तेवढं कोपरं परत गवताला. बाकी माझं रान पास!”

मी त्यांना मिठी मारली. मला अभिमान कशाचा वाटला ते सांगते. मातीनं दगा दिला नाही याचा तर वाटलाच. पण ज्या जमिनीला सातबाराच्या उताऱ्यावर ‘पड’ म्हणून नोंदवून सगळ्यांनी हात झटकले होते, ती जमीन एका बाईनं इतकी तगडी केली होती की गावाची चूकसुद्धा तिनं पचवली.

आबा वरच्या बांधावर कधी आले ते कळलं नाही. त्यांनी सगळं पाहिलं होतं. “मालन,” ते म्हणाले, “जरा माझ्या रानात ये. पावण्यांनाबी आण.”

ते आम्हाला त्यांच्या उसात घेऊन गेले. कडेचा ऊस बक्षिसाचाच होता, डोक्याच्या दुप्पट. आम्ही पानं हातानं बाजूला सारत आत शिरलो, आणि दहा-बारा सऱ्यांनंतर अचानक आभाळ दिसलं. मधोमध ऊस गुडघ्याइतका, पिवळा, आणि बुडख्याशी पांढरं. आक्कांच्या रानाच्या नेमकं वर.

आबा कुणाकडेच पाहत नव्हते. “दोन वर्सं झाली. कुणाला दावलं न्हाई. नातीची सोयरीक बघायला आली मानसं, रान बघायला मागितलं, तर मी रस्त्याकडनंच दावलं. घरात बी ठावं न्हाई.” इकडे लग्न ठरवताना आधी रान बघतात, मग मुलगा-मुलगी. रानात मीठ फुटलं हे दुखणं लपवल्यासारखं लपवतात. रेल्वेतले ते फेटेवाले गृहस्थ का गप्प झाले होते, ते मला आता उमगलं.

“ऊस गेला की,” आबा अडखळत म्हणाले, “गवताच्या कांड्या देशील? आन पावसाळ्याला ढैंच्याचं बी?”

त्यांच्या वाड्याच्या दाराशी एकेकाळी आक्कांची आजेसासू भाकरीसाठी उभी राहायची. ते दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघांनीही ते बोलून दाखवलं नाही. मी तेवढी ते इथे लिहिते आहे, कारण कुणीतरी लिहायला हवं.

“देतो की,” आक्का म्हणाल्या. “पर आधी चर. तुमच्या रानात, माझ्या बांधाच्या वरनं, पार वड्यापतोर. तुमच्या जागंत. मग बी. आन पाचट पेटवायचं न्हाई.”

गावात आजवर खालच्या आळीनं अट घातली आणि वरच्या आळीनं ऐकली असं झालं होतं का, मला माहीत नाही. आबा उसाच्या बुडख्याकडे पाहत राहिले.

“किती खोल?”

“छातीएवढा.”

“माझ्या का तुझ्या?”

“तुमच्या. तुम्ही उंच हायसा.”

आबांना हसू आवरेना. आक्काही हसल्या. त्याच दुपारी आबांनी सुंभाची दोरी आणली, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि आक्का मधून चालत फक्कीनं रेघ ओढत गेल्या. रेघ आबांच्या ताठ उभ्या, बक्षिसाच्या उसातून जात होती. तेवढा ऊस तुटणार होता. आबांनी दोरी ताठ धरली.

संध्याकाळी वडाप पकडलं. आक्कांनी बांधावरच्या करंजाच्या शेंगा दिल्या, म्हणाल्या, “तुमच्या खाऱ्या भुईत लावून बघ. ह्याला मिठाचं वावडं न्हाई.” आबांनी एकच शब्द दिला: “या.” पायात आक्कांनी दिलेली, दोन बोटं मोठी चप्पल होती. परतीच्या गाडीतून ऊस पुन्हा दिसायला लागला, तोच हिरवा, तोच उंच. पण आता मला कडेच्या रांगेचा भरवसा वाटत नव्हता. कितीतरी बागायती जिल्ह्यांची कडेची रांग अशीच उंच आहे. आत शिरून कोण पाहतं? आपल्याकडे तर कडेलाही काही नाही, म्हणून आपण निदान खोटं बोलत नाही. आणि पहिल्यांदाच मला आपल्या खारपाणपट्ट्याची कीव वाटली नाही. मेलेली जमीन झाडपाल्यानं जिवंत होते हे मी हातात धरून पाहिलंय. तिला वेळ लागतो, मान खाली घालून करायचं काम लागतं, आणि लोक हसतात तेव्हा कांड्या खोचत राहण्याइतका कणखरपणा लागतो. आपल्या बायकांत तो कमी आहे असं मला कुणी सांगू नये.

घरी येऊन पंधरवडा झाला असेल, आक्कांचा फोन आला. शाळू गुडघ्याला लागला होता. वरचा ऊस तोडून आबांनी चर अर्ध्यावर आणला होता. गडी लावले होते, पण सकाळी स्वतःही खोरं घेऊन उतरत होते.

“काल चराला पाणी सुटलं गं,” आक्का म्हणाल्या. “बारीक धार. आबांनी वंजळीत घेतलं आन चाखलं. तोंड वाकडं झालं. मग म्हनले, ‘मालन, हे सगळं एवढी वर्सं तुज्या रानात येत हुतं व्हय?’”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणू? म्हटलं, ‘व्हय आबा. चूळ भरा, आन फुडं खणा.’”